मीटिंगचा कॅमेरा घेण्याआधी हे ४ प्रश्न विचारा



मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच आहे: "ताई, ऑनलाइन मीटिंगसाठी कोणता कॅमेरा घेऊ?" कोणी बजेट ५ हजार सांगितलंय, कोणी २५ हजार. एकाने तर भिंतीवर लावायचा टीव्हीसुद्धा पसंत करून ठेवलाय. पण आपल्या मीटिंगला कोण-कोण असतं आणि त्यातलं कोण कुठून जॉइन होतं, हे एकानेही लिहिलेलं नाही. ते कळल्याशिवाय कॅमेऱ्याचं उत्तर देताच येत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते. व्हिडिओत १० मिनिटांत हे सगळं बसलं नसतं.

"आमच्याकडे कुठे आलंय हायब्रिड?"

हायब्रिड म्हटलं की आपल्याला हिंजवडीच्या आयटी कंपन्या आठवतात. पण जरा आपल्या व्यवसायाकडे बघा. अकाउंट्स बघणारी ताई आठवड्यातून दोनदा येते आणि बाकीचे दिवस घरून काम करते. सेल्सवाला दिवसभर फिरतीवर. डिझाइन करणारा मुलगा दुसऱ्या शहरात. शिलाई किंवा पॅकिंग दुसऱ्या जागेवर. आणि दुकानात तुम्ही आणि काउंटरवरची दोन माणसं. अर्धी टीम इथे, अर्धी तिथे. याचंच नाव हायब्रिड.

माझ्या युनिफॉर्मच्या दुकानात नेमकं हेच चित्र आहे. आम्ही नाशिकमध्ये. सेल्सवाला सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबकच्या शाळांमध्ये फिरतो. डिझाइन आणि अकाउंट्स दोन्ही घरून चालतं. शिलाई वेगळ्या गाळ्यात. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने आमच्यासाठी दिवाळी असते. त्या काळात एक निरोप चुकला तर २०० शर्टांचा कॉलर चुकतो.

छोट्या व्यवसायाला या पद्धतीचा मोठा फायदा आहे. पूर्ण वेळचा पगार परवडत नाही असं चांगलं माणूस आपल्याला अर्ध्या वेळेसाठी मिळू शकतं. लहान मूल घरी असल्यामुळे रोज ऑफिसला येऊ न शकणारी, पण कामात पक्की असलेली अकाउंटंट मिळू शकते. मोठ्या शहरात न राहणारा हुशार डिझाइनर मिळू शकतो. पण अशी माणसं टिकवायची असतील तर त्यांना मीटिंगमध्ये खरंच सामील व्हायला मिळालं पाहिजे. सहा जणांच्या टीममधून एक माणूस मनाने बाहेर पडला की व्यवसायाचा सहावा हिस्सा गेला!

माझ्या ट्रेनिंग बॅचमध्ये मसाल्याचा व्यवसाय करणारी एक ताई होती. तिची घरून काम करणारी अकाउंटंट एक दिवस म्हणाली, "मॅडम, मला अर्धं ऐकूच येत नाही. शेवटी तुम्ही 'समजलं ना?' विचारता आणि मी 'हो' म्हणते." पुढच्या महिन्यात तिने काम सोडलं. तिला पगार कमी वाटत नव्हता. आपण तिथे असून नसल्यासारखे आहोत, याचा तिला कंटाळा आला होता. त्या ताईकडे मीटिंगसाठी मोठी स्क्रीन होती, बरं का.

मशीन चांगलं असूनही का फसतं?

एक छोटासा इतिहास सांगते. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात 'पिक्चरफोन' लोकांना दाखवला. बोलताना समोरच्याचा चेहरा दिसणारा फोन. लोकांनी रांगा लावून बघितला. १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा सुरू झाली. भाडं महिन्याला १६० डॉलर, त्यात ३० मिनिटं बोलायची मुभा. घेणारे मोजकेच निघाले आणि त्याच दशकात ते सगळं गुंडाळावं लागलं. महाग तर होताच, शिवाय ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडेही तो असायला हवा होता. आणि घरात फोन उचलताना आपण दिसावं, अशी लोकांची मागणीच नव्हती.

आता २०२० बघा. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवर दिवसाला साधारण १ कोटी सहभागी असायचे, ते एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेले (एक माणूस दिवसात तीन मीटिंगला बसला तर तीनदा मोजून). कल्पना जुनीच होती, पण या वेळी गरज माणसांकडून आली होती. आणि यंत्र प्रत्येकाच्या खिशात आधीच होतं.

यातून आपण एवढंच घ्यायचं: खरेदीची यादी माणसांच्या गरजेवरून करायची. त्यासाठी हे ४ प्रश्न कागदावर लिहा.

१. खोलीबाहेर कोण-कोण असतं आणि ते नेमके कुठे असतात? घरात, रस्त्यावर, की मशीनच्या आवाजात?
२. त्या प्रत्येकाला मीटिंगमधून काय हवंय? नुसतं ऐकायचंय, बोलायचंय, वस्तू बघायचीय, की फक्त निर्णय कळायला हवाय?
३. त्याला कोणती वेळ जमते?
४. त्याच्याकडे कोणता फोन, किती डेटा आणि कशी रेंज आहे?

आमच्याकडची उत्तरं सांगते. सेल्सवाल्याला बोलायचं असतं, बघायचं काही नसतं. डिझाइनरला कापड बघायचं असतं. अकाउंट्सवाल्या ताईंना आकडे आणि तारखा नीट ऐकू यायला हव्यात. शिलाईच्या गाळ्यातल्या काकांना मशीनच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही, त्यांना शेवटी लेखी निर्णय हवा. चार माणसं, चार वेगळ्या गरजा. एकाच महागड्या कॅमेऱ्याने यातली एकही पूर्ण होत नाही.

आधी आवाज, मग चित्र

चित्र अडकलं तरी मीटिंग चालते. आवाज अडकला की संपली. म्हणून पहिला रुपया आवाजावर खर्च करा.

लॅपटॉपचा माइक समोर हातभर अंतरावर बसलेल्या एका माणसासाठी असतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. पंख्याचा, रस्त्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो. त्यात आपली दुकानं म्हणजे खाली फरशी, समोर काच, मागे शटर. आवाज सगळीकडून आपटून परत येतो. खोलीत बसलेल्याला हे जाणवत नाही, बाहेरच्याला मात्र विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येतं.

काय करायचं?

• फोन किंवा लॅपटॉप टेबलाच्या मधोमध ठेवा, कोपऱ्यात नको.
• खोलीत एकाच डिव्हाइसचा माइक आणि स्पीकर चालू ठेवा. दोन फोन चालू राहिले की एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो, तो परत स्पीकरमधून येतो, आणि मग ती कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते.
• काचेच्या केबिनऐवजी मालाच्या खोलीत बसा. आमची मीटिंग कापडाच्या थानांमध्ये होते. कापड आवाज शोषून घेतं. तुमच्याकडे गोणी, खोके, पडदे असतील तर तेही उपयोगी पडतात.
• मीटिंग सुरू होण्याआधी बाहेरच्या माणसाला विचारा, "टेबलावर कोण-कोण बोललं, ओळखून सांग." त्याला नावं सांगता आली तर आवाज ठीक आहे.

यानंतरही अडचण असेल आणि टेबलाभोवती चार-पाच जण असतील, तर चारही बाजूंचा आवाज घेणारा स्पीकरफोन घ्या. तो यूएसबीने किंवा ब्लूटूथने जोडता येतो. काही हजारांत मिळतो आणि कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

फोनला खुर्ची द्या

२०२१ मध्ये गुगलने 'कॅम्पफायर' नावाची एक मीटिंगची खोली करून दाखवली. शेकोटीभोवती बसावं तशी गोल बैठक. त्यात खुर्च्यांच्या मध्ये-मध्ये उभ्या स्क्रीन आणि त्या स्क्रीनवर घरून जोडलेली माणसं. मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी टीम्ससाठी 'फ्रंट रो' नावाची मांडणी जाहीर केली. त्यात बाहेरच्यांचे चेहरे स्क्रीनच्या खालच्या बाजूला, बसलेल्यांच्या नजरेच्या पातळीवर येतात. दोघांचा विचार सारखाच होता: बाहेरचा माणूस भिंतीवरच्या फोटोसारखा वाटू नये, शेजारी बसल्यासारखा वाटावा.

आपल्याला त्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. टेबलाभोवती एक खुर्ची रिकामी ठेवा आणि त्या जागी, बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर फोन किंवा लॅपटॉप लावा. गल्ल्याच्या वरच्या फळीवर नको, देवाच्या फोटोशेजारीही नको. जागा मिळाली की आपोआप त्या दिशेला बघून बोललं जातं. करून बघा, फरक पहिल्याच दिवशी कळेल.

बाहेरच्यांनी आधी बोलायचं

आणखी एक अडचण आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. समोरासमोर बोलताना आपण दुसऱ्याचा श्वास संपायच्या आत मध्ये बोलतो. नेटवर आवाज पोचायला वेळ लागतो. टेलिफोन-नेटवर्कचे मापदंड ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणाला खपतो आणि ४०० च्या पुढे तो जाऊ नये. घाटात, खेड्यात मोबाइलची रेंज कमी-जास्त होते तेव्हा उशीर वाढतो. बाहेरचा माणूस बोलायला तोंड उघडतो, तोवर खोलीतल्यांनी पुढचा विषय काढलेला असतो. असं दोनदा-तीनदा झालं की तो गप्प बसतो. आणि आपण म्हणतो, "हा काही बोलतच नाही!"

यावर उपाय फुकट आहे. प्रत्येक विषयावर आधी बाहेरच्यांना बोलू द्या, तेही नाव घेऊन. "कोणाला काही बोलायचंय?" असं हवेत विचारू नका. "अकाउंट्सकडून काय?" असं विचारा, आणि मनात तीन आकडे मोजेपर्यंत थांबा.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती नको

"सगळ्यांनी कॅमेरा ऑन करा" हे वाक्य बऱ्याच मालकांच्या आवडीचं आहे. जरा त्या घरून काम करणाऱ्या ताईचा विचार करा. वन बीएचके घर, मागे सासूबाई टीव्ही बघताहेत, बाजूला मूल डबा सांडतंय. कॅमेरा चालू म्हणजे तुम्ही तिच्या घरात डोकावलात. ती मीटिंगकडे लक्ष देईल की मागे काय दिसतंय याकडे?

थकव्याचंही कारण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून होणारी नजरानजर, सारखा स्वतःचा चेहरा दिसणं, एका जागी अडकून बसणं आणि हावभाव समजून घ्यायला मेंदूवर पडणारा ताण. म्हणून आमचा नियम सोपा आहे. सुरुवातीला नमस्कारापुरता कॅमेरा, नंतर ज्याची त्याची मर्जी. स्वतःचा चेहरा लपवायची सोय झूम आणि मीटमध्ये आहे, ती टीमला दाखवून द्या.

डेटा कोणाच्या खिशातून जातोय?

ग्रुप व्हिडिओ कॉलला क्वालिटीनुसार तासाला साधारण ८०० एमबी ते सव्वा जीबी डेटा लागू शकतो. तुमच्या सेल्सवाल्याचा पॅक रोज दीड जीबीचा असेल तर सकाळच्या एका मीटिंगमध्येच निम्म्याहून जास्त संपला. मग दुपारी तो ग्राहकाला कॅटलॉग कसा पाठवणार? नुसत्या आवाजाच्या कॉलला तासाला १०० एमबीच्या आत भागतं. म्हणून फिरतीवरच्यांना व्हॉइसवर घ्या. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे, तो चालू करून द्या. कामासाठी जास्त डेटा लागत असेल तर रिचार्जचे पैसे व्यवसायाने द्यावेत. तो तुमचा खर्च आहे, त्याचा नाही.

आणि एक महत्त्वाचं. माणूस गाडीवर असेल तर मीटिंग नाही. गाडी चालवताना फोन हातात धरून बोलणं कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या माणसाचा जीव ऑर्डरपेक्षा मोठा आहे. "बाजूला थांबलास का?" हा पहिला प्रश्न असू द्या. तो थांबू शकत नसेल तर त्याचा विषय संध्याकाळी घ्या.

कॅमेऱ्यावर रंग फसवतो

आता ज्यांना खरंच बघावं लागतं त्यांच्याबद्दल. फोनचा कॅमेरा समोरच्या उजेडाप्रमाणे रंग आपणहून बदलतो. ट्यूबलाइटखाली दाखवलेला नेव्ही ब्लू समोरच्याच्या स्क्रीनवर काळा दिसू शकतो. मरून आणि चॉकलेटीचं तर विचारूच नका. त्यामुळे कापडाचा रंग आम्ही व्हिडिओवर ठरवत नाही. हंगामाआधी सगळ्या कापडांचे छोटे तुकडे नंबर टाकून डिझाइनरला कुरिअर करतो, तोच संच दुकानात ठेवतो. मीटिंगमध्ये फक्त नंबर बोलायचा: "१४ नंबर, कॉलर ६ नंबर." कॅमेऱ्यापेक्षा हा कुरिअरचा खर्च कितीतरी कमी आहे.

तुमचा माल दागिने, मसाले, फर्निचर काहीही असो, हाच विचार करा: नमुना दोन्हीकडे आधीच ठेवता येईल का? नसेल तर फोन हातात धरून हलवण्याऐवजी स्टँडवर लावा, वस्तू खिडकीजवळच्या उजेडात ठेवा आणि शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल.

अॅप कोणतं?

टीममधल्या सगळ्यात कमी टेक्निकल माणसाला जे जमतं ते. फुकटच्या मर्यादा लक्षात ठेवा: झूमवर ४० मिनिटं, गुगल मीटवर तीन किंवा जास्त लोक असतील तर ६० मिनिटं, व्हॉट्सअॅप कॉलवर ३२ जणांपर्यंत. कंपन्या हे नियम बदलत असतात, म्हणून सुरू करण्याआधी एकदा बघून घ्या. तसंही आपली मीटिंग ४० मिनिटांच्या पुढे जात असेल तर दोष अॅपचा नाही, अजेंड्याचा आहे.

एकाच अॅपवर सगळा हिशेब आणि निर्णय अडकवू नका. स्काइपसारखं एकेकाळी घराघरातलं नाव मे २०२५ मध्ये बंद झालं. महत्त्वाचं सगळं वेगळ्या शीटमध्ये किंवा वहीत हवंच.

चहावर ठरलेलं ग्रुपवर येईपर्यंत ठरलेलं नाही

हा नियम फळ्यावर लिहून ठेवा. आपल्याकडे खरी मीटिंग कॉल संपल्यावर टपरीवर होते. "अरे, ते सोमवारऐवजी शनिवारीच देऊन टाकू." तिथे असलेल्या तिघांना कळतं, घरून काम करणारीला कळतच नाही. ती सोमवारचं बिल करून बसते. चूक कोणाची?

म्हणून प्रत्येक मीटिंगनंतर ग्रुपवर ५ ओळी: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, किती पैसे, पुढची मीटिंग कधी. टाइप करायचा कंटाळा असेल तर गुगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप होतं, ती सोय २०१७ पासून आहे. फक्त आकडे पाठवण्याआधी वाचून घ्या, "सतरा"चं "सत्तर" व्हायला वेळ लागत नाही.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी सगळ्यांना विचारा. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, न सांगता रेकॉर्ड केलेलं कळलं की माणसं मोकळं बोलणं बंद करतात.

खर्च या क्रमाने करा

पहिली पायरी, शून्य रुपये: बसायची जागा, एकच माइक, बाहेरच्यांना आधी संधी, ५ ओळी.
दुसरी पायरी, काही शे रुपये: फोनचा स्टँड, आणि बाहेरच्या प्रत्येकाला माइकवाले वायरचे इअरफोन.
तिसरी पायरी, काही हजार: स्पीकरफोन, आणि लाइट गेली तरी वायफाय चालू राहावं म्हणून राउटरला लावायचा छोटा यूपीएस.
शेवटची पायरी: कॅमेरा आणि मोठी स्क्रीन. तेही चार प्रश्नांच्या उत्तरांत "बघायचंय" असं किमान दोघांचं आलं असेल तरच.

एका पायरीवर महिनाभर थांबा. अडचण सुटली असेल तर पुढची पायरी चढायची गरजच नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक मीटिंग मालकाने स्वतः बाहेरून करायची. दुकानात जाऊ नका. घरून, किंवा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून, साध्या मोबाइल डेटावर जॉइन व्हा. मीटिंग दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या. वही घ्या आणि तीनच गोष्टी लिहा: काय ऐकू आलं नाही, कुठे बोलायचं राहून गेलं आणि कोणता निर्णय नीट कळला नाही. ही यादी हीच तुमची खरेदीची यादी. ती घेऊन दुकानात गेलात की कोणताही सेल्समन तुम्हाला नको ती वस्तू विकू शकणार नाही.

तुमच्या यादीत काय-काय आलं ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. तुमचा व्यवसाय कोणता आणि टीममध्ये कोण कुठे असतं, हेही लिहा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल. पुढच्या भागात फिरतीवरच्या सेल्स टीमचा रोजचा रिपोर्ट १० मिनिटांत कसा घ्यायचा, ते बघू.

भेटूया. कामाला लागा!